मांडव परतणीपर्यंत

कडाव

प्रिय आई,

तुझा फोन मुद्दाम उचलला नाही. बोलताना तू रडायला लागतेस आणि माझं राहूनच जातं. पत्रात तुला मध्येच रडता येणार नाही.

मी बरी आहे. डाव्या पायाची जखम भरली. गुडघ्याखाली पाय नाही, तरी त्याचा अंगठा अजून खाजतो. मी हात नेते आणि मनोज दुसरीकडे बघतो. धाकटी हर्षला इन्सुलिन वेळेवर घेते ना? दोन्ही पोरींना मधुमेह, म्हणून तू देवाला बोल लावायचीस. बोल लावायला दुसरं कोणी सापडलंच नाही का गं?

माझ्या पाठवणीला तू बॅगेतून इन्सुलिनची पेनं काढून घेतलीस. सासरच्या बायका साड्या बघायला नवरीची बॅग उघडतात, आणि त्यांना तर आपण काहीच सांगितलं नव्हतं. मांडव परतणीला माहेरी येशीलच, तोवर दम धर, म्हणालीस. पूजेच्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या. सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या, "पोर आधीचीच पोटुशी हाय, आमाला फसवलं." घशाला कोरड पडलेली, माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी तुला फोन लावला, स्पीकरवर टाकला. मी ऐकत होते, आई. वाटलं, आता तरी सांगशील. तू म्हणालीस, ऊन बाधलं असेल, लिंबूसरबत द्या, साखर जरा जास्त घाला.

त्यांनी तांब्याभर पाजलं.

पनवेलचे डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन तुटलं, साखर इतकी चढली की अंगातलं पाणी आटलं, रक्त दाटलं आणि पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. असं क्वचितच होतं म्हणे. मी शुद्धीवर आले तेव्हा पाय गेला होता. त्या पायातली जोडवी नर्सने मनोजच्या हातात ठेवली. तो एवढंच म्हणाला, "सांगितलं असतंस तर मीच टोचलं नसतं का गं?" ज्या नवऱ्यापासून लपवलं, तो असा निघाला.

हर्षलाला बघायला रविवारी चौक गावची मंडळी येणार, तिच्या दुखण्याचं कोणी बोलायचं नाही आणि मी तर यायचंच नाही, हा तुझा निरोप मिळाला. मी येणार. पुढच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, कुबडी शेजारी ठेवून बसणार. पायाला काय झालं, ते विचारतीलच. उत्तर तू द्यायचं. गप्प राहिलीस, तर मी लिंबूसरबतापासून सुरुवात करीन.

तुझीच थोरली,
समीक्षा