आत्मारामशेटचा कान आणि अर्थशास्त्र

रत्नागिरी,
२६ जून २००१

प्रिय हुदा,

अर्थशास्त्राला पुढे काही भविष्य आहे का, असं तू विचारलंस. तू तो विषय घ्यायला अब्बांनी कुवेतहून नकार दिलाय आणि इथल्या कॉलेजात अर्ज घेण्याची शेवटची तारीख शनिवार, ३० जून आहे. म्हणून हे पत्र टपालात न टाकता दापोलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. घाईत आहे, पण प्रत्येक शब्द तपासलाय.

आमच्या टायपिंगच्या दुकानात मी महिनाभर इफ्फत मॅडमचा एक लेख संगणकावर घेतोय. त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, आणि हा विषय कुठून आला, कुठे चाललाय, यावरच लेख आहे. आम्ही फक्त अक्षरं बघायची असतात, पण मी वाचत गेलो. पूर्वी हा वेगळा विषयच नव्हता म्हणे. माणसाने नीट कसं वागावं हे शिकवणारेच बाजाराबद्दलही लिहीत. मग राज्यकारभार आला, मग गणित आणि आलेख आले, आणि त्यात माणूस दिसेनासा झाला. आता त्याला परत आणायचं चाललंय, असं त्या लिहितात. मला वाटलं, मग इतकी वर्षं आपण परीक्षेत कुणाबद्दल लिहीत होतो?

गिऱ्हाइकाला प्रश्न विचारलेले मालकांना चालत नाहीत. तरी चार दिवस घोकून मी विचारलं, की घेणारे जास्त असले की भाव चढतो, तर हर्णे बंदरावरच्या मासळीच्या लिलावात पापलेटचा भाव मध्येच का अडकतो? आत्मारामशेटचंही सांगितलं. तूच दाखवलं होतंस ते. शेट कान खाजवतात आणि बाकीचे व्यापारी बोली सोडून एकदम समुद्राकडे बघायला लागतात. त्यांच्या कानात कुणीतरी औषध घाला, म्हणजे माझी चूल पेटेल, असं लिलावात मासळी विकताना अम्मी म्हणायची. मॅडम हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "कोणता कान?"

लिलावात माणसं खरोखर कशी वागतात, यावर आता मोठमोठी माणसं अभ्यास करतायत, असं त्या म्हणाल्या. हे कुणाच्या लक्षात आलं, असंही विचारलं. बहिणीच्या, मी म्हटलं. ती काय शिकते, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी छापलेली पानं मोजायला लागलो.

कारण अब्बांचा नकार माझा आहे, हुदा. त्यांनी फोनवर मलाच विचारलं होतं. हा विषय संपला, तिला डी.एड.ला घाला, असं मी सांगितलं. बारावीला मी इंग्रजीत नापास झालो, असं घरी सगळे समजतात. खरं तर मी अर्थशास्त्रात नापास झालो होतो, एकोणतीस गुण. तिथे तू पास होशील याची मला भीती वाटली. काल फोनच्या बूथवरून अब्बांना हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तिला सांगितलंस का? आधी तिला सांग. नंतरही ती येते म्हणाली, तर माझी ना नाही." म्हणून हे पत्र. अर्ज आणून ठेवलाय, एक अक्षरही भरलेलं नाही. शुक्रवारी पहिल्या गाडीने ये, मूळ गुणपत्रिका आण. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी पुढे चालेन, तू मागून ये.

तुझाच,
साकिबभाई