चादरी घेऊन जाणारी

ता. ३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आजीचे आशीर्वाद, आणि एक कानपिचकी आगाऊ, कारण तू काहीतरी केलंच असशील.

मी ठीक. गुडघे बोलतात, कान ऐकत नाहीत, म्हणून फोनऐवजी हे पत्र. शाळा तिसरीपर्यंत झालीय, अक्षर लागलं नाही तर उजेडात धरून वाच.

कामाचं आधी. माझा डिस्कचा प्लेयर गेला. परवा दुपारी डिस्क घातली, आतून घरघर झाली, आणि ट्रे बाहेर आला तो जीभ काढल्यासारखा तसाच राहिला. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला की आजी, याचे पार्ट आता मिळत नाहीत, भंगारात द्या. मी म्हटलं, माझेही पार्ट मिळत नाहीत, मला कुठे देतोस. हसला. हसायला त्याचं काय जातंय.

मला दुसरा प्लेयर पाठव, जुना असला तरी चालेल. माझ्याकडे डिस्क एकच आहे हे तुला ठाऊक आहे. का आहे ते कधी सांगितलं नाही, कारण तू प्रश्न विचारून डोकं उठवलं असतंस. मी हॉटेलच्या धुलाईखात्यात होते तेव्हा तिथे सिनेमावाले आले होते. पुढे नायक-नायिका भांडतात आणि मागच्या बोळातून एक मुलगी चादरींचा गठ्ठा घेऊन जाते. डावीकडून उजवीकडे, मान खाली. ती तुझी मोठी मावशी, माझी थोरली. एकोणीस वर्षांची होती, माझ्याच हाताखाली घड्या घालायची. त्यानंतर दोन महिन्यांनी तापाने गेली. पुढे कधीतरी वरची पाण्याची टाकी फुटली आणि कपाटातले सगळे फोटो भिजून त्यांचा लगदा झाला. म्हणजे तिचं जे काही उरलंय ते त्या बोळात. अकरा मोजेपर्यंत. इस्त्रीच्या प्रेसखाली चादर ठेवतात तेवढाच वेळ.

हे रडगाणं नाही. प्लेयर हवाय, एवढंच.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढवलास तर तुझाच फायदा.
आजी


ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस, तिच्या टिटवीचा सा. न. वि. वि. कानपिचकी पोचली, कान लाल आहे.

मावशीचं वाचलं आणि समोरची कॉफी गार होऊन गेली. आईला विचारलं, तर म्हणाली की मी चार वर्षांची होते, मला फक्त तिच्या हातांचा साबणाचा वास आठवतो, बाकी काही नाही. इतकी वर्षं तू आम्हाला खोलीबाहेर काढून दार लावून तो सिनेमा का बघायचीस ते आता कळलं. आम्ही समजायचो तुला नायक आवडतो.

पण आजी, प्लेयर आता कोण घेतं? डिस्कवर ओरखडे पडतात, बुरशी चढते, आणि एक दिवस ती नुसता गोल आरसा होऊन बसते. शिवाय तुझा सिनेमा चक्क आमच्याच कंपनीकडे आहे, इंटरनेटवरून घरच्या टीव्हीवर दिसतो. डिस्कच्या डबीचा फोटो तुझ्या खालच्या मजल्यावरच्या नर्सताईंकडून मागवला आणि शोधला. मी तिथे जुने सिनेमे स्वच्छ करते हे तुला सांगितलं होतं, तू म्हणालीस की शेवटी धुलाईखात्यातच गेलीस म्हणायची. तर आता आमची धुलाई बघ. नर्सताई येऊन टीव्ही जोडून देतील, तू फक्त लाल बटण दाबायचं. मावशी तुला डिस्कपेक्षा चांगली दिसेल.

पाणी पीत जा. माझ्यावर राग धरायचा असेल तर तो थोडका आणि प्रेमाचा असावा.
तुझी टिटवी


ता. १७ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद, तुझ्या कंपनीला नाहीत.

नर्स आली, टीव्ही जोडून गेली. चित्र स्वच्छ आहे खरं. नायिकेला मिशी आहे हे मला पंचेचाळीस वर्षांनी कळलं.

आता नीट वाच. पहिल्या दिवशी थोरली आली आणि सहा मोजले तेव्हा थांबली. डिस्कवर ती थांबत नाही. मला वाटलं टीव्ही अडकला, पण पुढे नायक तोंड फाडून ओरडतच होता. दुसऱ्या दिवशी ती थांबली आणि गठ्ठा खाली ठेवला. हे मला जास्त खटकलं. धुतलेल्या चादरी थोरलीने जमिनीवर कधीच ठेवल्या नसत्या, मी हात मोडून ठेवला असता. तिसऱ्या दिवशी ती वळायला लागली. पूर्ण नाही, कान आणि गालाची कड दिसली तेवढीच.

मी नर्सला बोलावून शेजारी बसवलं. ती म्हणते की बोळ रिकामा आहे, मुलगी नाही आणि चादरीही नाहीत. मग तिने माझं ब्लडप्रेशर बघितलं, साखर बघितली, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचून घेतलं. सगळं ठीक निघालं. तिचाच चेहरा उतरला.

मला भुताखेतांचं कौतुक नाही. गेलेली माणसं परत येत असती तर तुझे आजोबा विसरलेला चष्मा न्यायला कधीच आले असते. पण डिस्क माझी होती. कपाटात ठेवली की तिला कोणी हात लावत नव्हतं. ही तुमची वस्तू कुठून येते? मी बघत नसते तेव्हा ती कोणाकडे असते? तेवढं शोधून कळव.

तुझी (अजून शुद्धीवर असलेली) आजी


ता. २४ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. आज आशीर्वाद मागायची छाती होत नाही.

शोधलं. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. आमच्याकडे काम तुकड्यांनी येतं. सिनेमाचं नाव नसतं, नुसता आकडा. मशीन पडद्यावर खुणा करतं: इथे धूळ आहे, इथे केस आहे, इथे काहीतरी कडेला आहे ज्याचा गोष्टीशी संबंध नाही. आपण बघायचं आणि हो म्हणायचं. दिवसाला हजारभर वेळा हो. पुसलेल्या जागी काय भरायचं ते मशीन आजूबाजूला बघून ठरवतं. भिंत असेल तर भिंत.

तुझ्या सिनेमाचा तो तुकडा दोन वर्षांपूर्वी साफ झाला. नोंदीत माझी सही आहे. बोळातून जाणारी, मान खाली घातलेली मुलगी, गोष्टीशी संबंध नाही, आणि समोर माझं हो. मी तिला ओळखत नव्हते, आजी. मला कोणी कधी दाखवलीच नव्हती. आता सगळ्यांच्या पडद्यावर तो बोळ रिकामा आहे. माझ्याही, आत्ता बघितला. आधीची प्रत ठेवलेली नाही, तुझी डिस्क तेवढी राहिली.

मग तू काय बघतेस हे मला माहीत नाही. पण बघू नकोस. प्लेयर शोधलाय, जुना आहे, पण चालतो. दोन-तीन आठवड्यांत पोचेल. तोवर लाल बटणाला हात लावू नकोस, मी पाया पडते.

क्षमा जमेल तेव्हा कर.
टिटवी


ता. ६ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद, पुरे झालं रडणं.

पुसलीस ते पुसलीस. मी तरी चादरी धुताना कोणाचा कुठला डाग हे बघत कुठे बसले होते. तुझा राग नाही. पुढचं ऐक.

तुझं पत्र यायच्या आधीच ती पूर्ण वळली. टिटवे, तिला तोंड नव्हतं. केस होते, कान होते, आणि दोन कानांच्या मध्ये भिंत होती. बोळाचाच पिवळट रंग, आणि जिथे नाक असायचं तिथून खाली रंगात गेलेली एक भेग. डिस्कवर तिने मान वर केलीच नव्हती, मग तोंड आणणार कुठून?

दुसऱ्या दिवशी हनुवटी आली. थोरलीचीच, मधोमध खळगा असलेली. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. मग चहा टाकला, सहज तिची आठवण काढली, तर मनातल्या थोरलीला हनुवटी नाही. मनात तिथे भिंत. त्याच्या पुढच्या दिवशी ओठ आले आणि तिचं हसू गेलं. ती हसायची हे ठाऊक आहे, कशी ते नाही. मग नाक गेलं. जे पडद्यावर येतंय ते माझ्यातून उचललं जातंय, हे कळायला मला फार शाळा लागली नाही.

मग तुझं पत्र आलं. लाल बटणावर चिकटपट्टी लावली. माझ्याकडे तिचे डोळे तेवढे उरले होते. चार दिवस सांभाळले. भाजी चिरताना, जिना उतरताना मध्येच थांबून बघायचे, आहेत ना जाग्यावर.

काल दुपारी पट्टी काढली. का म्हणून विचारू नकोस. डोळे माझ्याकडे आणि तोंड तिकडे, असं दोन ठिकाणी ठेवलेलं माणूस एकदा जोडलेलं बघावंसं वाटलं, बस. तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी अकरा मोजले, पंधरा मोजले, नायक-नायिका निघून गेले तरी ती बघतच होती. पोरीने आईला बघावं तसं नाही. दुकानात मांडलेली वस्तू बघतात तसं. मी बटण दाबलं.

आता डोक्यात कोणी नाही. थोरली म्हटलं की बोळ दिसतो, रिकामा. तुझ्या आईचा चेहरा आठवतोय, तपासून घेतला. तुझाही आठवतो, काय करणार.

प्लेयर लवकर धाड.
आजी


ता. १५ मार्च

ती. आजीस टिटवीचा सा. न.

या पत्राबरोबर पार्सलात प्लेयर आहे. वायर पिशवीत गुंडाळलीय, दुरुस्तीवाल्यालाच लावायला सांग, स्वतः टेबलावर चढू नकोस.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी ऑफिसात पुन्हा तो सिनेमा लावला. बोळ रिकामा नव्हता. एक मुलगी उभी होती, पायाशी चादरी, तोंड समोर. शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्यालाही दिसली. ही कोण, आधी तर नव्हती, असं म्हणाला आणि मशीनची चूक समजून पुसायला निघाला. मी त्याचा हात धरला. घाईघाईने तो चेहरा कागदावर छापून घेतला. दुसऱ्या दिवशी बोळ पुन्हा रिकामा. तेव्हापासून रोज बघते, रिकामाच असतो. म्हणजे तो चेहरा आता या एका कागदावर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आईला दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की असेल, नसेलही, मला सांगता येत नाही.

आत वेगळ्या पाकिटात बंद करून पाठवतेय. तुझ्यापासून गेलेलं तुला परत मिळावं एवढंच मनात आहे. उघडायचं की नाही ते तू ठरव.

तुझ्या मायेची भुकेली,
टिटवी


ता. २३ मार्च

चि. टिटवीस भरभरून आशीर्वाद, आज काटकसर नाही.

प्लेयर लागला. रंग उडालाय, बटणं ढिली आहेत, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. माल चांगला आहे. दुरुस्तीवाल्याला म्हटलं की बघ, भंगार कसं चालतं, तर म्हणाला की असले प्लेयर शोधायला आता बरेच लोक येतात. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

डिस्क घातली. चित्र तुमच्यापुढे अगदीच मळकट. थोरली आली. गठ्ठा डाव्या कमरेवर, उजवा खांदा वर, टाचा घासत चालायची सवय मी ओरडूनही गेली नाही ती तशीच. थांबली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. अकराला दाराच्या पलीकडे. मी चार वेळा लावलं. चारही वेळा तेच, आणि दर वेळी मनात हात घालून बघितलं. काही कमी झालेलं नाही.

आता तुझं पाकीट. ते तीन दिवस टेबलावर होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर कप ठेवला होता, म्हणून त्यावर गोल डाग पडलाय, बोलू नकोस. दोनदा कात्री घेतली. मग बसून विचार केला, जो मी सहसा करत नाही. उघडलं, आत एक मुलगी निघाली, तर ती थोरलीच आहे असं मला कोण सांगणार? तुझी आई लहान होती, तुझे आजोबा गेले. तिला ओळखणारी या जगात मी एकटी उरले होते, आणि आता मीही ओळखू शकत नाही. आत कोणाचंही तोंड असलं तरी मी त्याला माझी पोर म्हणेन. आठवडाभर रोज बघितलं की ते ओळखीचं वाटायला लागेल, आणि मग तेच खरं होऊन बसेल. मला ते नको. तिची पाठ मी ओळखते, चाल ओळखते. ती माझ्याकडून कोणी नेलेली नाही. तेवढ्यावर भागवीन.

पाकीट न उघडता परत पाठवतेय. जाळू नकोस, भिंतीवरही लावू नकोस, कुठेतरी नीट ठेव. कोणी बघितलं आणि विचारलं की ही कोण, तर मावशी असं सांगू नकोस. सांग, माहीत नाही.

काळजी घे. माया आहे, ती न विचारता घेत जा.
तुझी आजी