पाहुण्यासाठी झाडलेली गल्ली

१९ ऑक्टोबर १९९४

प्रिय वसंता,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. दुर्गाला आणि लेकरांना आशीर्वाद. तुला काय द्यावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकाच गावात राहून अक्काने टपालाचं तिकीट का लावलं म्हणून तू हसशील. हस. समोर आलास की तू बोलतोस आणि मी ऐकते, लहानपणापासून तेच चालत आलंय. कागदावर तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

मुंबईहून लोकायुक्तांच्या कार्यालयाचं पाकीट आलंय. आमच्या गल्लीचं तुंबलेलं गटार आणि त्याच गटारातून गेलेला नळाचा फुटका पाइप, याची तक्रार मी तिकडे केली तेव्हा नगरपालिकेत तुम्ही सगळे पोट धरून हसलात, हे माझ्या कानावर आलं होतं. बायकांची पोलकी शिवणारी ही बाई, सख्खा भाऊ स्वच्छता निरीक्षक, आणि ही चालली मुंबईला! अरे, तुझ्या दारी चकरा मारून चपला झिजल्या तेव्हाच गेले ना. आणि तरी मी तुझं नाव लिहिलं नव्हतं. नुसतं 'नगरपालिका' लिहिलं, भाऊ वाचवला.

माझा पहिला अर्ज परत आला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा म्हणून. जालन्याला जाऊन तेही केलं. मग त्यांनी माझी तक्रार तुमच्याकडेच धाडली, अहवाल द्या म्हणून. मी कपाळावर हात मारला. मांजरालाच विचारताहेत दूध कुणी प्यायलं! तुम्ही बेधडक लिहून दिलंत की गटार नियमित साफ होतं, जंतुनाशक पावडर पडते, पाइप बराबर आहे. पण त्या लोकांची रीत अशी की तुमच्या उत्तराची नक्कल मला पाठवून माझंही म्हणणं मागवलं. मी लिहिलं, बोलाबोली पुरे, येऊन बघा. तर ते खरंच यायला निघाले. तारीख तुम्हालाही कळवली, मलाही कळवली.

आदल्या दिवशी मला मंठ्याला जावं लागलं. तूही येणार होतास, आला नाहीस. सकाळच्या पहिल्या गाडीने परतले आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरले. दारोदार सडा, रांगोळ्या. गटार तळापर्यंत खरवडलेलं, कडेने पांढरी पावडर, पाइपाच्या फुटक्या जागेवर कोरी करकरीत फरशी. समोरच्या द्वारकाबाईने पोहे भिजवून ठेवलेले. शेजारच्या झुंबरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या, जशी काही वरात यायची होती.

मुंबईचे साहेब आले. त्यांनी चहा घेतला नाही, चौकशीला आलोय म्हणाले, तर बायकांचे चेहरे उतरले. त्यांनी गटार पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, साहेब, हे सगळं आजच्यापुरतं आहे. त्यावर त्यांनी बायकांनाच विचारलं, एरवी कसं असतं. झुंबरबाई पदर सावरून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "रोज झाडून-पुसूनच राह्यतो साहेब आम्ही. घाणीत ऱ्हायाला आम्ही काय जनावरं हाव?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यासमोर आपल्या दारात घाण असते असं कोणती बाई म्हणेल? साहेबांनी पाहिलं ते लिहिलं, ऐकलं तेही लिहिलं. त्यांना तरी काय बोल लावू? मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते.

संध्याकाळी झुंबरबाईशी कडाकडा भांडले. तर त्या उलट मलाच समजावू लागल्या. तुझं कौतुकच करत होत्या रे! म्हणे वसंतराव स्वतः आल्ते, गाडा घेऊन, पावडर घेऊन, बाह्या सारून उभे राहिले, आणि हात जोडून म्हणाले, "बाहेरचा साहेब येऊन राह्यलाय मावशी. गल्लीची इज्जत तुमच्या हातात हाय." वर्षभर चिमूटभर पावडर न टाकणारा तू! बायकांना तू पैसे दिले नाहीस, धाक दाखवला नाहीस. पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडची बाई तापाने फणफणली तरी अंगण झाडते, हे तुला आईमुळे ठाऊक होतं. आईने शिकवलेलंच तू माझ्यावर उलटवलंस. कुंपणच शेत खायला लागलं की दाद कुणाकडे मागायची?

आणि तू हे कोणत्या दिवशी केलंस ते तरी आठवतंय का? मंठ्याला साळूचं वर्षश्राद्ध होतं. तू तिचा मामा. तिच्या सासऱ्यांनी, रामकिसनरावांनी, तुझ्यासाठी पानं खोळंबवून ठेवली. मी त्यांना म्हणाले, त्याला कचेरीचं काही जरुरी काम निघालं असेल. निघालंच होतं. माझी लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, या नळाचं पाणी प्याली आणि सातव्या महिन्यात डोळे हळदीसारखे पिवळे झाले. जालन्याच्या डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं होतं, तू शेजारीच उभा होतास. माय गेली, पोटातलं गेलं. तूच तिला उचलून जीपमध्ये ठेवलंस, मसणवट्यात तूच सगळ्यांत जास्त रडलास. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. खोटं असतं तर मला इतकी चीड आली नसती. रडलास, पाइप तसाच ठेवलास, आणि वर्षाने त्यावर फरशी टाकलीस. गल्लीत आज आणखी दोघी पोटुशी आहेत. त्यांना मी पाणी उकळून देते, पण मी कुणाकुणाच्या चुलीशी बसू?

आता पाकिटात काय आहे ते सांगते. पाहणीत तक्रारीत तथ्य दिसलं नाही, तरी ती बंद करण्याआधी दोन्ही बाजूंनी समोर येऊन सांगावं. दिवाळी झाली की जालन्याला कलेक्टर कचेरीत सुनावणी आहे. मी माझं म्हणणं शपथेवर लिहून पाठवलंय, यावेळी तुझ्या नावासकट. शिपाई नोटीस घेऊन येईल तेव्हा सगळ्यांच्या देखत तुला कळू नये, म्हणून हे पत्र. आणि आणखी एका कारणासाठी. यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. तू पाटावर बसलास, मी तुला ओवाळलं, तू ताटात काही घातलंस, की चार दिवसांनी साहेबांसमोर माझी जीभ उचलायची नाही. तुला ते माहीत आहे म्हणूनच यंदा तू हमखास येशील, दुर्गाने साडीही आणून ठेवली असेल. ती परत कर. ओवाळणी घालायचीच असेल तर जालन्याला घाल. साहेबांसमोर उभा राहा आणि ती गल्ली कुणी झाडायला लावली ते तुझ्या तोंडाने सांग. तेवढं सांगितलंस तर तिथेच, कचेरीच्या पायरीवर, मी तुला ओवाळीन.

तुझीच,
अक्का