सर्व्हर बंद न करता

प्रिय इरा,

मंगळवारी दुपारी बसवाल्या शेठजींसमोर तू मला 'भैया' म्हणालीस, तिथेच सगळं बदललं. "ये दिवाकर भैया, मशीनें देखते हैं. सिस्टम कौशिकजी ने बनाया है." माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

मुद्दाम मराठीत लिहितोय. तुमचं घर रेल्वेच्या बदलीने भुसावळहून आलेलं, आमचं पिढ्यान्‌पिढ्या झाशीचं. माझ्या मराठीला तू हसायचीस. हस आता.

आठवतं? जावा प्रोग्रामची एक ओळ बदलली की आख्खा सर्व्हर बंद करा, प्रोग्राम पुन्हा बिल्ड करून घ्या, चालू करा, पुन्हा लॉगिन. तेवढ्यात आपण खाली इलाइट चौराह्यावर चहा पिऊन यायचो. तिथेच एकदा तू वैतागलीस, "यार, इस इंतजार ने मार डाला." मला तर त्या इंतजारनेच जिवंत ठेवलं होतं! तरी तुझ्यासाठी सुट्ट्या घालवून असं जमवलं, की फाइल सेव्ह केली की बदललेला तुकडा तेवढा चालू सर्व्हरमध्ये जाऊन बसेल, लॉगिनही तुटणार नाही. तू टाळ्या वाजवल्यास. मग चहाला कशाला येशील? आपला चहा मीच बंद केला, मूर्खासारखा. आणि वाचलेल्या वेळात तू शेजारच्या टेबलावरच्या डिग्रीवाल्या कौशिकच्या खुर्चीमागे उभी राहायला लागलीस.

कॉलेज मी सोडलं, सरांशी भांडून, कबूल. पण डिग्री नाही म्हणून माझं काम त्याच्या नावावर? वर मला भाऊही करून टाकलंस. राखीच आणायची होतीस की सोबत!

आता ज्यासाठी लिहितोय ते. माझी ती जुळणी कौशिकने शेठजींच्या बस-तिकिटांच्या खऱ्या साइटवरही लावलीय. ती फक्त आपण काम करतो त्या मशीनपुरती होती. तिच्यात दर बदलाला जुना तुकडा मेमरीत तसाच अडकून राहतो, त्यावर नवा चढतो. उद्या चिरगाँवच्या बसची तिकिटं सुरू होऊन गर्दी झाली की साइट गुदमरेल, आणि शेठजींना शब्द तू दिलायस, तोंडघशी तूच पडशील. गप्प बसायचं ठरवलं होतं. नाही जमलं. तिथला पासवर्ड मला कुणी दिलेला नाही, नाहीतर मीच केलं असतं. सकाळी आधी ती जुळणी काढ आणि सर्व्हर पूर्ण बंद करून चालू कर. कौशिकला विचारू नकोस, तो 'जरूरत नहीं' म्हणेल. वेळ लागेल, लागू दे. तेवढ्यात चहा पिऊन ये, कुणाहीबरोबर.

ऑफिसची माझी किल्ली तुझ्या कीबोर्डवर ठेवलीय. दार बाहेरून ओढलं की आपसूक लागतं. ओढतोय.

तुझाच, पण भैया नव्हे,
दिवाकर