लिएनबाईंना द्यायचं उत्तर

मी, शिरीष गणेश उकिडवे, वय बासष्ट, केमिकल इंजिनिअर, राहणार आंग मो किओ, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत वकील करतील. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. माझी मुलगी गार्गी म्हणते, ती यायला फार उशीर झाला. पुढच्या महिन्यात माझी बायपास आहे, म्हणून ही निरवानिरव. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट माझ्या आणि पत्नी नीताच्या संयुक्त नावावर आहे. माझ्यामागे तो कायद्यानेच तिचा होतो, लिहायची गरज नाही. तरी लिहितो, कारण हप्ते आम्ही दोघांनी फेडले, पण त्याचं घर तिने एकटीने केलं.

२. बँकेतली शिल्लक अर्धी नीताला, अर्धी गार्गीला. कोणतीही अट नाही. पहिल्या मसुद्यात मी गार्गीला एक अट घातली होती, ती काढून टाकली. देताना अट घालायची खोड मला कंपनीत लागली.

३. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांचा संच, करवत आणि मल्टिमीटर, गार्गीला द्यावीत. ती नीट वापरते. ड्रिल मशीन आमचा मित्र पद्माकर नेऊन बसला आहे. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार असल्यामुळे त्याला कायद्याने काही देता येत नाही, म्हणून ते त्याच्याकडून परत आणावं.

४. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्याचा पास, हेल्मेट आणि बूट कंपनीला परत करावेत. मी अजून तिथे सल्लागार आहे. साठच्या दशकात आमच्या मूळ कंपनीने अमेरिकन लष्करासाठी तणनाशक बनवलं आणि विमानांनी ते व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलं. तेव्हा मी पुण्यात पाढे पाठ करत होतो. "मी तर शाळेत होतो" या एका वाक्यावर मी बरीच वर्षं निवांत झोपलो. पण घाई करून तापमान वाढू दिलं की त्या रसायनात विष जास्त तयार होतं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. घाई कंपनीची होती. पिंपं भरणाऱ्यांना ते ठाऊक होतं, आणि आम्हाला काही ठाऊक नव्हतं असं जगाला सांगायचा पगार पुढे मी घेतला.

५. माझ्या अंत्यविधीला कंपनीच्या नावाचं पुष्पचक्र आलं तर ते दारातूनच परत पाठवावं.

६. कपाटात वरच्या खणात प्लास्टिकमध्ये एक जरीकाठी शाल आहे. ती माझ्या अंगावर घालू नये आणि कोणाला देऊही नये. तिची हकीकत अशी. २०११ साली कंपनीच्या जुरोंग ईस्टच्या ऑफिसात सामाजिक उपक्रमांचं काम माझ्याकडे होतं. व्हिएतनाममध्ये दा नांगजवळ, फवारणी झालेल्या भागात व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या एका केंद्राला आम्ही चाकांच्या खुर्च्या दिल्या. ही मदत म्हणजे जबाबदारीची कबुली नव्हे, अशा वाक्याखाली प्रत्येक पालकाची सही घेतली. ते वाक्य माझं. गार्गी तेव्हा कॉलेजात होती, मदतीला म्हणून हौसेने आली होती. लिएन नावाच्या बाईंनी सही करण्याआधी मुलीच्या, थुईच्या, वळलेल्या पायांवर हात ठेवला आणि दुभाष्यामार्फत मला विचारलं, "हे तुमच्या कंपनीमुळे झालं का?" मी म्हणालो, "आम्हाला तुमच्याबद्दल फार सहानुभूती आहे." मग त्यांनी सही केली आणि माझे आभार मानले. मी ते घेतले.

परत आल्यावर इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. पद्माकरने माझ्या खांद्यावर शाल घातली, श्रीफळ हातात दिलं, भाषणात मला सेवाव्रती म्हणाला. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना तो विनय वाटला. त्या नारळाच्या नीताने करंज्या केल्या. गार्गीने एकीलाही हात लावला नाही. ती घरी येते, आईशी बोलते, माझी औषधं आणून देते; पण तेव्हापासून मला तिने काही विचारलेलं नाही. मला या गोष्टीची लाज वाटते. शाल जाळून टाकावी.

७. ~~माझ्या मृत्यूनंतर गार्गीने लिएनबाईंकडे जावं आणि माझ्या वतीने सांगावं की होय, हे आमच्या कंपनीमुळे झालं, आणि मी त्यांची माफी मागतो.~~

हे कलम रद्द. कारण लिहितो. काल मसुदा गार्गीला वाचून दाखवला. या कलमाशी तिने मला थांबवलं. मग म्हणाली, "बाबा, धिस वन कॅनॉट, लाह. तुम्ही आधी मरणार आणि मग सॉरी म्हणणार? कंपनी तेच करतेय ना? वेटिंग फॉर एव्हरीवन टू डाय." मी म्हटलं, अगं, निदान उत्तर तरी पोचेल. ती म्हणाली, "थुई गेली, बाबा. मार्चमध्ये. तुम्ही कधी विचारलंच नाही." पाच वर्षं ती त्यांच्या संपर्कात होती. मला पत्ताही नव्हता.

तेव्हा हे काम मी कोणालाही देत नाही. शुक्रवारी त्याच केंद्रात कंपनीचा पुन्हा खुर्च्या देण्याचा कार्यक्रम आहे आणि भाषण मी करणार आहे. लिएनबाई तिथे स्वयंपाकाला असतात. त्यांना मी सगळ्यांसमोर उत्तर देईन. सल्लागारी जाईल, वकिलांची नोटीसही येईल. नीताला हे सांगितलं. ती म्हणाली, "जा. गोळ्या विसरू नका."

८. व्यवस्थापक म्हणून गार्गीला नेमतो. मंदाईच्या स्मशानात साधा दहनविधी करावा. शोकसभा नको, आणि झालीच तर पद्माकरला बोलू देऊ नये.

वरील मजकूर मी वाचला, समजलो, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. खोडलेल्या कलमाशेजारी तिघांची आद्याक्षरं आहेत.

सही: शिरीष गणेश उकिडवे

साक्षीदार:
१. पद्माकर वासुदेव लिमये (ड्रिल आणून दिलं आहे.)
२. मेधा रवींद्र खांडेकर, वरच्या मजल्यावरच्या शेजारी

स्थळ: आंग मो किओ, सिंगापूर
दिनांक: २७ नोव्हेंबर २०१६

ता. क. सही झाल्यावर गार्गीचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा, शुक्रवारी कितीची फ्लाइट? मी पण येते."