लाल गाडी आणि तिच्या किल्ल्या यांविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुलपे व गाड्यांच्या किल्ल्या बनवणे, हे मृत्युपत्र दुकानातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसा कागद दिला, तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. शाळा चौथीत सुटली, तेव्हा कायद्याची भाषा जिथे लंगडेल तिथे वाचणाऱ्याने अर्थाला हात द्यावा. याआधी काही लिहून ठेवलेले सापडले तर ते रद्द समजावे.

कलम १. मला दोन अपत्ये. थोरला मुलगा गेल्या वर्षी वारला. धाकटी मुलगी माझ्याजवळ असते. दुकान खरे म्हणजे तीच चालवते, मी खुर्चीवर बसून न मागितलेले सल्ले देतो. त्यांची आई मुले लहान असतानाच गेली.

कलम २. राहते घर, खाली दुकान आणि मागची शेड, हे सर्व धाकटीचे. तिच्या आत्याने एकदा भर बैठकीत म्हटले होते, "मुलीचं काय, ती आज ना उद्या दुसऱ्याच्या घरची." तेव्हा मी मान खाली घालून गप्प बसलो. हे कलम त्या वाक्याला उत्तर समजावे. उशीर झाला, पण पक्क्या कागदावर आहे.

कलम ३. किल्ली कापायचे मशीन, गाडीशी जोडायचे यंत्र आणि सगळ्या कानशी धाकटीला. भिंतीकडचा मोठा व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, शेजारच्या डेंटिंगवाल्याला द्यायचा होता, वीस वर्षे त्याचा डोळा आहे त्याच्यावर. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. हे ऐकून डेंटिंगवाला म्हणाला, "मग काका, साक्षीदार दुसरा बघा की!" शेवटी व्हाइस काल संध्याकाळीच, जिवंतपणी, त्याच्या हवाली केला. आता सही करायला तो मोकळा आहे.

कलम ४. अपघातातल्या गाड्या विकणाऱ्या यार्डवाल्याला माझ्याकडून काही देऊ नये. बारा... नव्हे, साडेनऊ वर्षांपूर्वी त्याने मला आणि थोरल्याला लाल रंगाची, दोन दारांची, बसक्या बांध्याची स्पोर्ट्स गाडी विकली. नाक चेपलेले होते, पण इंजिन शाबूत. मी विचारले, किल्ली? म्हणाला, "पुढच्या कप्प्यात आहे." कप्प्याला कुलूप होते आणि ते त्याच किल्लीने उघडायचे. मी ते उघडले तर आत एक कंगवा. या गोष्टीवर आम्ही बापलेक इतके हसलो होतो की आज त्या माणसाला माफ करून टाकतो.

कलम ५. आता त्या गाडीबद्दल. हे कलम मोठे आहे, सांभाळून घ्यावे.

अशा गाडीला नुसती दात्यांची किल्ली चालत नाही. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि गाडीत तिचा राखणदार असतो, त्याला इमोबिलायझर म्हणतात. किल्ली फिरवली की तो चिपला विचारतो, तू कोण? ओळख पटली तर इंजिन चालते, नाही तर दोन क्षण गुरगुरून बंद. आम्हाला हे काही येत नव्हते. मी चष्मा लावून आणि थोरला माझ्या खांद्यावरून वाकून, चार महिने शिकलो. कळले ते इतके: ओळखीची एक किल्ली हातात असेल तर तिच्या शेजारी दुसरी नोंदवता येते. एकही नसेल तर आधीच्या सगळ्या किल्ल्या राखणदाराच्या आठवणीतून पुसाव्या लागतात, मगच नवी नोंदवता येते. पहिल्या मालकाच्या किल्ल्या मीच पुसल्या. अकरा मिनिटे लागली. त्या किल्ल्यांवर कोणाचे हात फिरले असतील, हे तेव्हा मनातही आले नाही.

मग मी एकच किल्ली केली. गाडी सुरू झाली. थोरल्याने मला उचलून शेडभर फिरवले.

आठच दिवसांनी एक गिऱ्हाईक आले, त्याला गाडी फार आवडली, आणि मी त्याला विकायचा शब्द देऊन बसलो. थोरल्याला विचारले नाही. तो म्हणाला, "बाबा, गाडी दोघांची होती ना?" मी म्हणालो, "दुकान माझं, हत्यारं माझी. तुझं काय आहे त्यात?" त्याने खुंटीवरची किल्ली उचलली आणि म्हणाला, "ही." दोन दिवसांनी तो किल्लीसकट परगावी गेला, जनरेटर दुरुस्तीच्या कामावर. मी घरात फर्मान काढले: त्याचे आणि त्या गाडीचे नाव या घरात कोणी काढायचे नाही. गिऱ्हाइकाला मी परत पाठवले, ते मात्र कोणाला सांगितले नाही.

नवी किल्ली करणे माझ्या डाव्या हातचा मळ. पण त्यासाठी त्याची पुसावी लागली असती. तो कधी उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याच्या हातातल्या किल्लीला गाडीने ओळख दिली नाही तर? म्हणून आठ वर्षे गाडी तशीच ठेवली. महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायची, काच पुसायची, आत बसायचे. समोर राखणदाराचा लाल दिवा लुकलुकायचा. तो राखणदार आणि मी, दोघेही एकाच किल्लीची वाट बघत होतो. फोन मात्र मी केला नाही. त्यानेही केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभ दोन होते.

गेल्या वर्षी कामावरच त्याच्या छातीत कळ आली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळे संपले होते. त्याच्या खोलीतून तीन शर्ट, दाढीचे सामान आणि मी मूठ बसवून दिलेला पेचकस मिळाला. किल्ली नव्हती. गादी उसवून पाहिली, कामाच्या जागी विचारले. नाही मिळाली.

चार महिन्यांपूर्वी धाकटी म्हणाली, "बाबा, शेड हवीय मला. दुकान वाढवायचंय. गाडीचं काहीतरी ठरवा." रास्त बोलली. मी यंत्र जोडले. पुसण्याआधी ते किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते दाखवते. पडद्यावर आकडा आला: दोन.

मी तर एकच केली होती. यंत्र बंद करून परत जोडले. दोनच.

मागे वळलो तर धाकटी दाराला टेकून उभी. ती दुकानात गेली आणि खुंट्यांच्या फळीवरून, सगळ्यात खालच्या ओळीतून, एक किल्ली काढून आणली. "दादाने जाताना करून दिली. त्याची किल्ली होती ना हातात, तिच्या शेजारी नोंदवली. म्हणाला, बाबांचा राग उतरला की ते गाडीचं विचारतील, तेव्हा ही दे. आणि गाडी सुरू झाली की मला फोन कर, मी लगेच निघतो."

"मग दिली का नाहीस?" मी ओरडलो.

"तुम्ही विचारलंत का कधी? तीनदा विषय काढला मी. तीनही वेळा भरल्या ताटावरून उठून गेलात. शेवटी तुमच्या समोरच टांगली. म्हटलं, किल्लीवाल्याच्या डोळ्याला दिसेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ वर्षे त्या फळीसमोर बसून मी गावाच्या किल्ल्या केल्या. तो तिकडे गाडी सुरू झाल्याच्या फोनची वाट बघत राहिला.

या सर्वाला मी जबाबदार आहे. धाकटीने माझे फर्मान पाळले, एवढाच तिचा दोष. पुढे कोणी तिला बोल लावला तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ६. ~~सदर गाडी धाकटीने कधीही विकू नये व इमोबिलायझरमधील किल्ल्यांची नोंद कधीही पुसू नये. थोरल्याची किल्ली कुठेतरी पडलेली असेल. ती घेऊन कोणी आल्यास गाडीने त्याला ओळखले पाहिजे.~~

कलम ६ मी आज साक्षीदारांसमोर रेघ मारून रद्द केले आहे. कच्चा मसुदा धाकटीने वाचला आणि म्हणाली, "आठ वर्षं तुम्ही त्या गाडीपाशी बसलात. आता तुमच्या मागे मी बसायचं का?" हातातले पेन खाली ठेवावे लागले. उभ्या आयुष्यात मी तिला काही विचारले नव्हते, त्याला विचारले नव्हते तसेच.

त्याऐवजी असे: गाडी धाकटीची, तिच्या किल्लीसह. ठेवावी, विकावी, नोंद पुसावी, तिची मर्जी. पुसली तर तो अपराध नाही, अकरा मिनिटांचे काम आहे. एक विनंती, अट नव्हे: पुसण्याआधी पडद्यावरचा आकडा एकदा बघावा. तो 'दोन' असेल.

कलम ७. हे देण्याघेण्याचे कलम नाही, पण कागदावर राहावे. आज सकाळी धाकटीने मला गाडीत बसवले आणि तिच्या किल्लीने गाडी सुरू केली. जुने पेट्रोल तिने आधीच काढून टाकले होते. पहिल्या फिरवण्यात इंजिन लागले. लाल दिवा विझला. गाडीतून उतरून तिने खिशातून फोन काढला, थोरल्याच्या नंबरावर बोट नेले आणि तसेच राहू दिले. म्हणाली, "दादाला सांगायचं होतं." इंजिन बंद करायचे दोघांनाही सुचले नाही.

वर लिहिलेले मी वाचले, धाकटीकडून वाचून घेतले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

स्थळ: दुकानामागची शेड
दिनांक: ९ मार्च, शनिवार, दुपार

सही: (किल्लीवाला)

साक्षीदार पहिली: सही (डॉक्टरीणबाई). यांनी माझ्यासमोर सही केली. तक्रार गुडघ्यांची आहे, बुद्धीची नाही.

साक्षीदार दुसरा: सही (शेजारचा डेंटिंगवाला). काकांनी माझ्यासमोर सही केली. व्हाइस मिळाला. सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला आणि मला वाटले, थोरला आला.