आक्काच्या विहिरीची किल्ली

३ फेब्रुवारी, सोमवार
तेजस्विनीच्या वाट्याला लष्कराची बाजू आली. वकिलीच्या कॉलेजात खोटं कोर्ट भरवतात, त्यात भांडायचं. एका देशाच्या लष्करानं दुसऱ्याचा मुलूख घेतला, तिथल्या विहिरींना कुलपं लावली, आता तिथल्याच लोकांना पाणी मापून देतं. बरोबर की चूक, हा खटला. पोरगी तोंड पाडून बसली. "आई, माझी बाजू लंगडी आहे." म्हटलं, मी घरात असताना तुला कसली काळजी. चौथीच शिकले, पण भांडणात अजून हरले नाही.

४ फेब्रुवारी
तिनं कायदा वाचून दाखवला. घेतलेल्या मुलखात लष्कर मालक होत नाही, नुसतं राखणदार. पाणी वापरलं तर जपून वापरायचं. तिथल्या माणसांची गरज आधी. हे म्हणे सगळ्या देशांनी बसून ठरवलंय. बसूनच ठरवलं असणार. त्यातल्या एकानं तरी वावरात उभं राहून पाण्याची दारं धरलीत का?

६ फेब्रुवारी
आज मीच सांगत गेले, ती लिहीत गेली. लिही — मोटर कोणी बसवली? पाईप कोणी टाकला? कुलूप नसतं तर आठ दिवसांत तळ दिसला असता. आणि चौथ्या दिवशी पाणी देतोच की, कोण तहानेनं मेलंय?
"आई, तुला हे इतकं पटापट कसं सुचतं?"
म्हटलं, अनुभव.
हे भाकरी खाता खाता हसले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे ठसका लागला.

८ फेब्रुवारी
पुतळा आक्का आली होती. माझी थोरली जाऊ, बांधापलीकडे राहते. विहीर तिच्या हिश्श्यातली. मागल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे गेली तेव्हा मोटरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाली, तोवर तू बघ. मी बघितलं. नवी मोटर बसवली, पेटी कायम कुलपात ठेवली, माझे गुलाब तरारले. दिवाळीला आक्का परत आली. किल्ली माझ्याच कमरेला राहिली. एवढं केल्यावर कोण काढून देतं? चौथ्या दिवशी तिला पाणी सोडते, चुकत नाही.
म्हणाली, "झेंडू माना टाकायला लागलाय गं. शिवरात्रीला फुलं बाजारात गेली नाय तर सगळी मेहनत मातीत. एक दिवस मधी दे."
"आक्का, परवाच तर दिलं."
"परवा नाय, तेरवा."
डोळा लय चांगला झालाय तिचा. सगळं दिसतं.
तेजस्विनी दारात उभी होती. वही मिटून आत गेली.

११ फेब्रुवारी
पोरगी माझ्याशी कमी बोलते. अभ्यास असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
तिच्याबरोबर त्या खोट्या कोर्टाच्या स्पर्धेला गेले. नाशकात द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली, तिला म्हटलं उतर, चालत जाऊ, लष्कर असं थांबत नसतं. तेवढंच हसली.
काळा कोट घालून उभी राहिली. माझीच वाक्यं, पण इस्त्री केलेली. मोटर, पाईप, कुलूप, चौथा दिवस. मी मागच्या बाकावर फुगून बसले होते. मग न्यायाधीश झालेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मोटर तुमची, मान्य. विहीर कोणाची?"
काहीतरी ठोकून द्यायचं ना. हिनं बाईंकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यांचीच."
हरली. वेंधळी पोर. मी असते तर असं तोंडावर उत्तर फेकलं असतं —
येताना बसमध्ये ते उत्तर शोधत होते. नाशिक रोड मागं पडलं, फाटा आला, घर आलं. सापडलं नाही. पोरगी खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. नाटक असेल.

१७ फेब्रुवारी
सकाळी किल्ली आक्काच्या हातात ठेवली. मोटर राहू दे म्हटलं. तिनं किल्ली पदराच्या गाठीला बांधली. ना हसली, ना भांडली. मग मलाच विचारावं लागलं, "आक्का, माझ्या गुलाबाला पाणी कधी?"
म्हणाली, "ये की चौथ्या दिवशी."